जागा रिकामी का झाली?

अमेरिकन फुटबॉलचा नियमित हंगाम रविवारी संपतो आणि सोमवारी सकाळपासून नारळ द्यायला सुरुवात होते. त्या सोमवारला इथे 'ब्लॅक मंडे' म्हणतात. एनएफएल या लीगमध्ये संघ 32, म्हणजे हेड कोचच्या खुर्च्याही 32च. त्यातल्या पाच-सात तरी दर वर्षी रिकाम्या होतात आणि संध्याकाळपर्यंत याद्या यायला लागतात. सगळ्यांत चांगली जागा कोणती, सगळ्यांत वाईट कोणती. निकष ठरलेले: क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, कोण आहे; ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या रांगेत, नंबर कितवा (सर्वांत जास्त हरलेल्याचा पहिला); सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे पगाराच्या मर्यादेत, पैसे किती उरलेत; मालक कसा.

माझा मुलगा या याद्या मला न चुकता पाठवतो. फुटबॉल मला त्याच्यामुळेच लागला. नवरा अजून क्रिकेटच बघतो. याद्या मला पाठवण्याचं कारण वेगळं आहे. माझं पोटच या धंद्यावर आहे. शिकागोच्या उपनगरातल्या एका कंपनीसाठी मी माणसं शोधते, म्हणजे रिकाम्या जागा सजवून मांडणं हे माझं रोजचं काम. 'वाढीला भरपूर वाव', 'उत्साही टीम', 'आव्हानात्मक भूमिका'. यातल्या प्रत्येक शब्दामागे काय दडलेलं असतं ते मला पाठ आहे, आव्हानात्मकच्या मागे तर फारच. म्हणून असेल, या याद्या वाचताना मला एक रकाना हमखास रिकामा दिसतो. ही जागा रिकामी का झाली? लग्नाच्या बोलण्यात आपल्याकडची कुठलीही आत्या हे आधी विचारेल: पहिलं का मोडलं? फुटबॉलचे जाणकार मात्र घर, गाडी, पगार सगळं बघतात आणि हे शेवटच्या ओळीत उरकतात.

जानेवारी 2025 घ्या. सात जागा होत्या: शिकागो बेअर्स, न्यू इंग्लंड पेट्रियट्स, जॅक्सनव्हिल जॅग्वार्स, लास वेगास रेडर्स, न्यूयॉर्क जेट्स, डॅलस काउबॉइज आणि न्यू ऑर्लिन्स सेंट्स. बहुतेक याद्यांमध्ये बेअर्स आणि पेट्रियट्स वर, सेंट्स तळाशी. वरच्या दोघांचं कारण एकच. दोघांकडेही नवा, कोवळा आणि स्वस्त क्वार्टरबॅक होता.

हे 'स्वस्त' प्रकरण नीट सांगायला हवं, कारण सगळा हिशोब त्यावर उभा आहे. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो आणि 2011 पासून त्याची रक्कम जवळपास ठरूनच येते. बेअर्सचा केलेब विल्यम्स 2024 च्या ड्राफ्टमध्ये पहिला. त्याचा चार वर्षांचा सगळा करार मिळून सुमारे 3 कोटी 95 लाख डॉलर. त्याच वर्षी काउबॉइजने डॅक प्रेस्कॉटला दिले वर्षाला सरासरी 6 कोटी. 2025 मध्ये अख्ख्या संघाच्या पगाराची मर्यादा होती 27 कोटी 92 लाख. म्हणजे चांगला क्वार्टरबॅक पहिल्या करारावर असेल तर दर वर्षी जवळजवळ 5 कोटी डॉलर हातात खुळखुळतात, आणि त्यातून त्याच्यापुढे उभी राहणारी, त्याला वाचवणाऱ्या खेळाडूंची भिंत विकत घेता येते. नव्या कोचच्या तोंडाला पाणी सुटतं ते यामुळे.

आता आमच्या बेअर्सची जागा रिकामी कशी झाली ते बघा. 28 नोव्हेंबर 2024, थँक्सगिव्हिंगची दुपार, डेट्रॉइट. बेअर्स 20-23 मागे, चेंडू हातात, सुमारे अर्धं मिनिट शिल्लक आणि खिशात एक टाइमआउट. विल्यम्सला प्रतिस्पर्ध्याने आडवा पाडला. अशा वेळी काय करायचं ते आमच्या घरात जेवायला बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं: टाइमआउट घ्या, घड्याळ थांबवा, किक मारून बरोबरी साधा. हेड कोच मॅट एबरफ्लूस कडेला उभा. खेळाडू उठतायत, जागा शोधतायत, विल्यम्स हातवारे करतोय, घड्याळ पळतंय. सहा सेकंद उरले असताना चेंडू हलला, लांब फेक जमिनीवर पडली आणि सामना संपला. टाइमआउट तसाच शिल्लक. दुसऱ्या दिवशी सकाळी एबरफ्लूसला नेहमीसारखं पत्रकारांपुढे बसवलं, आणि त्यानंतर काही तासांतच काढून टाकलं. 1920 पासूनच्या या संघाने हंगामाच्या मध्यात हेड कोच काढायची ती पहिलीच वेळ. त्यालाही निदान सकाळची ती पत्रकार परिषद टाळू द्यायची होती. काढायचं ते काढा, पण माणसाला चौकात उभा करून मग नाही. आमच्या धंद्यातही हा संकेत आहे. पाळला जातोच असं नाही.

तर ही जागा यादीत पहिली-दुसरी. पण तिचं सौंदर्य आलं कुठून? ही गोष्ट मला स्वतःला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत विलक्षण वाटते.

लव्ही स्मिथ 2004 ते 2012 बेअर्सचा हेड कोच होता. त्याने संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, नेलं, फेब्रुवारी 2007 मध्ये, पावसात, आणि तिथे ते हरले. 2012 मध्ये 16 पैकी 10 सामने जिंकूनही बेअर्सने त्याला काढलं. पुढे तो आमच्याच इलिनॉय विद्यापीठात होता, आणि 2022 मध्ये त्याला ह्युस्टन टेक्सन्सची जागा मिळाली. ती जागा कशी होती? आधीचा कोच डेव्हिड कली एका वर्षात गेला होता. क्वार्टरबॅक नाही, खेळाडू नाहीत, मालकाला घाई नाही. स्मिथने वर्षभर मार खाल्ला. 8 जानेवारी 2023 च्या शेवटच्या सामन्यात हरले असते तर टेक्सन्सना ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळणार होता. शेवटच्या मिनिटात टेक्सन्सने चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नावर 20 यार्ड हवे असताना टचडाउन केला, तरी एक गुण कमी होता. किक मारून बरोबरी करता आली असती. स्मिथने दोन गुणांचा डाव लावला, तोही जमला, आणि 32-31 ने सामना जिंकला. पहिला नंबर हातचा गेला. स्मिथला त्याच रात्री नारळ मिळाला.

पहिला नंबर गेला कोणाकडे? बेअर्सकडे. बेअर्सने तो कॅरोलिना पँथर्सना विकला, मोबदल्यात इतर गोष्टींबरोबर पँथर्सचा पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला नंबरही घेतला, तो जो निघेल तो. पँथर्सने 2023 मध्ये 17 पैकी फक्त 2 सामने जिंकले, 11 सामन्यांतच हेड कोच फ्रँक राइकला घरी पाठवलं, मालक डेव्हिड टेपर यांनी जॅक्सनव्हिलमध्ये प्रेक्षकांच्या अंगावर पेय फेकलं आणि 3 लाख डॉलर दंड भरला. असा सगळा आनंदीआनंद झाल्यामुळे त्यांचा ड्राफ्ट नंबर निघाला पहिला. त्या नंबरावर बेअर्सने घेतला केलेब विल्यम्स.

म्हणजे बेअर्सने हाकललेल्या माणसाने, हाकलला जाणार हे जवळजवळ ठरलेलं असताना, जिंकायचा हट्ट धरला म्हणून बारा वर्षांनी बेअर्सची जागा देशातली सर्वांत देखणी जागा झाली. यादीत लिहिलेलं होतं 'उत्तम तरुण क्वार्टरबॅक'. लव्ही स्मिथचं नाव कुठे नव्हतं.

आणि 2024 च्या हंगामाच्या शेवटी न्यू इंग्लंडमध्ये हेच पुन्हा घडलं. जेरॉड मेयो, पेट्रियट्सचा जुना खेळाडू. आधीचे कोच बिल बेलिचिक यांच्यानंतर तोच, हे त्याच्या करारातच लिहिलं होतं, त्यामुळे 2024 मध्ये शोध असा झालाच नाही. त्याला मिळालेला संघ मोडकळीला आलेला. 17 पैकी 4 विजय, आणि त्यातला शेवटचा अगदी शेवटच्या रविवारी, बफेलोच्या राखीव खेळाडूंविरुद्ध, 23-16. त्या विजयानेच पेट्रियट्सचा ड्राफ्टमधला पहिला नंबर गेला. मेयोही त्याच दिवशी गेला. मालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर मान्य केलं की मेयोला निभावता येणार नाही अशा परिस्थितीत आपणच टाकलं होतं. कबुली प्रामाणिक होती, नाही असं नाही. पण मेयोच्या उपयोगाची नव्हती.

स्मिथ आणि मेयो या दोघांत आणखी एक साम्य आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दोघेही कृष्णवर्णीय. टेक्सन्सचा डेव्हिड कलीही. आणि त्याच ब्लॅक मंडेच्या आठवड्यात रेडर्सने एका पूर्ण हंगामानंतर काढलेला अँटोनियो पियर्सही. लीगमध्ये 2003 पासून रूनी नियम आहे: रिकाम्या जागेसाठी अल्पसंख्य समाजांतल्या उमेदवारांची मुलाखत घेतलीच पाहिजे. हेतू चांगला. पण मुलाखतीचा नियम मुलाखतीपाशीच संपतो. 2022 मध्ये ब्रायन फ्लोरेस या कृष्णवर्णीय कोचने लीगवर वर्णभेदाचा दावा लावला. न्यूयॉर्क जायंट्सच्या मुलाखतीला तो जाणार होता, आणि त्याआधीच बेलिचिक यांचा त्याला अभिनंदनाचा मेसेज आला. तो मेसेज होता दुसऱ्या ब्रायनसाठी, ब्रायन डेबॉलसाठी, ज्याला ती नोकरी मिळाली. जायंट्सनी आरोप नाकारले. मेसेज मात्र सगळ्या देशाने वाचला.

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते, त्यामुळे मला यात धक्का असा काही बसला नाही. आधीच ठरलेल्या जागेसाठी तीन माणसं बोलावून कागद पुरे करायचे, हे कुठे होत नाही? जानेवारी 2025 मध्ये पेट्रियट्सनीही माइक व्रेबलला नेमण्याआधी दोन कृष्णवर्णीय उमेदवारांच्या मुलाखती झटपट उरकल्या. त्या वर्षी दोघेही लीगमध्ये कुठे कामावर नव्हते. नियम पाळला गेला. व्रेबलची निवड चुकीची होती असं मी म्हणत नाही. पण ज्याला नाही म्हणायची सोय आहे आणि ज्याला नाही, त्या दोघांसाठी एकच जागा एकसारखी नसते. लव्ही स्मिथला साठीत, कित्येक वर्षांनी, एनएफएलमधली जागा आली. तो काय म्हणणार होता, तुमचा क्वार्टरबॅक मला पसंत नाही?

नाही म्हणायची सोय ज्याला होती तो बेन जॉन्सन. डेट्रॉइट लायन्सचा आक्रमणाचा प्रमुख, कॉलेजात गणित आणि कम्प्युटर सायन्स शिकलेला (मंडळाच्या गणपतीत हे सांगितलं की आमच्याकडचे निम्मे पुरुष लगेच सावरून बसतात). जानेवारी 2023 मध्ये त्याने पँथर्सच्या शर्यतीतून नाव काढून घेतलं. वर्षभरानंतर वॉशिंग्टनची माणसं त्याच्या मुलाखतीसाठी विमानात बसून डेट्रॉइटकडे निघालेली, तेव्हा त्याने कळवलं, मी इथेच राहतोय. विमान हवेत! वॉशिंग्टनकडे ड्राफ्टचा दुसरा नंबर होता, नवा मालक होता, कॅपमध्ये भरपूर पैसे होते. यादीतली पहिली जागा. तिथे मग डॅन क्विन गेला आणि पहिल्याच वर्षी 12 सामने जिंकून उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला. जॉन्सनचं काही बिघडलं का? नाही. पुढच्या जानेवारीत त्याला पुन्हा हवी ती जागा निवडता आली आणि त्याने आमची निवडली.

पण नकाराची खरी करामत दिसली जॅक्सनव्हिलमध्ये. जॅग्वार्सचे मालक शाहिद खान, जन्म लाहोरचा, सोळाव्या वर्षी आमच्याच इलिनॉयमध्ये शिकायला आले, तासाला 1 डॉलर 20 सेंटवर भांडी घासली, मोटारींचे बंपर करून अब्जाधीश झाले. इथल्या देशी मंडळींना त्यांचं कौतुक आहे, मलाही आहे. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी कोच काढला आणि जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू निवडणारा, ट्रेंट बाल्की याला ठेवलं. म्हणजे नवा कोच येणार तो आधीच्या पडझडीतल्या जोडीदाराबरोबर संसार करायला. क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स होता, पैसे होते, फ्लोरिडाची हवा होती. तरी मोठी नावं लांब राहिली. टॅम्पाच्या संघातला सहायक कोच लिअम कोएन याने तर दुसऱ्या मुलाखतीला नकार देऊन टॅम्पातच भरघोस पगारवाढीवर राहायचं कबूल केलं. त्याच दिवशी, 22 जानेवारीला, खान यांनी बाल्कीला निरोप दिला. चक्र फिरलं. कोएन गुपचूप जॅक्सनव्हिलला पोहोचला, टॅम्पाची माणसं फोन लावून थकली, आणि दोन दिवसांत तो जॅग्वार्सचा हेड कोच झाला. नवा जनरल मॅनेजर त्याच्यानंतर नेमला गेला.

टॅम्पाच्या दृष्टीने ही चक्क दगाबाजी. मला मात्र यात यादीवाल्यांनी बघायला हवी होती ती गोष्ट दिसते. 21 तारखेला आणि 23 तारखेला क्वार्टरबॅक तोच, कॅप तीच, ड्राफ्टचा नंबर तोच, समुद्रसुद्धा तोच. बदललं फक्त वरच्या खोलीतलं एक माणूस, आणि नकोशी जागा हवीशी झाली. 2024 मध्ये जॅग्वार्स 4 जिंकले, 13 हरले. 2025 मध्ये 13 जिंकले, 4 हरले.

एकदा पुण्याहून इकडे आलेल्या एका बाई मुलाखतीला आल्या होत्या. सगळं छान झालं, पगारावरही एकमत झालं. शेवटी मॅनेजरने विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय? त्या म्हणाल्या, याआधी या जागेवर जे होते त्यांच्याशी फोनवर बोलता येईल का? मॅनेजरने पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. बाईंनी दुसऱ्या दिवशी नकार कळवला. तो ग्लास मी बघितला होता, त्यामुळे मला कारण विचारावं लागलं नाही. त्या जागेची जाहिरात पुढे मीच पुन्हा लिहिली. 'आव्हानात्मक' घातलंच.

उरलेल्या जागांचं थोडक्यात. सेंट्सनी वर्षानुवर्षं पगारांचं रूपांतर बोनसमध्ये करून ते पुढच्या वर्षांवर ढकललं होतं, त्यामुळे नव्या कोचला आधी जुनं देणं फेडायचं होतं. त्यांना सर्वांत शेवटी कोच मिळाला, केलन मूर. गंमत म्हणजे तो ईगल्सकडून सुपर बोल जिंकला ते सेंट्सच्याच स्टेडियममध्ये, आणि दोन दिवसांनी तिथेच नोकरीला लागला. जेट्सकडे ॲरन ग्लेन गेला. त्याला 1994 मध्ये खेळाडू म्हणून जेट्सनेच निवडलं होतं, त्यामुळे त्यात घरी परतण्याचा भाव होता. 2010 च्या हंगामानंतर जेट्स प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, गेलेले नाहीत आणि भावनेने त्यात फरक पडला नाही. 2025 मध्ये 3 विजय, 14 पराभव.

काउबॉइजची जागा तर जागाच नव्हे, असं माझं मत. जेरी जोन्स यांनी 1989 मध्ये संघ घेतला, तेव्हापासून मालकही तेच आणि जनरल मॅनेजरही तेच. तिथे हेड कोच हवा असतो तो सामन्यांच्या दिवशी कडेला उभा राहायला. त्यांनी बाहेर थोडी चौकशी केली आणि आपलाच सहायक ब्रायन शॉटनहायमर वर चढवला. बचावाचा प्रमुख म्हणून आणला कोणाला? आमच्या एबरफ्लूसला. सप्टेंबर 2025 मध्ये तो शिकागोला आला. विल्यम्सने त्याच्या बचावावर चार टचडाउन फेकले, बेअर्स 31-14 ने जिंकले. आमच्या घरी जल्लोष झाला. मला मात्र टीव्हीवर त्याचा चेहरा दाखवला तेव्हा मजा आली नाही.

बेन जॉन्सनने त्या वाचलेल्या पैशांचं काय केलं तेही सांगते. आल्याआल्या क्वार्टरबॅकपुढची भिंत बदलली. विल्यम्सला पहिल्या वर्षी 68 वेळा आडवा पाडलं होतं. दुसऱ्या वर्षी हा आकडा तिशीच्याही खाली आला. 11 विजय, गटात पहिला नंबर, आणि 10 जानेवारी 2026 च्या रात्री ग्रीन बेविरुद्ध बरंच मागे पडून 31-27. बेअर्सचा प्लेऑफमधला 2010 च्या हंगामानंतरचा पहिला विजय. संघाचे संस्थापक जॉर्ज हॅलस यांची मुलगी व्हर्जिनिया मॅकॅस्की यांनी ते बघायला हवं होतं; जॉन्सन आल्यावर महिन्याच्या आत, 102 व्या वर्षी, त्या गेल्या. पेट्रियट्सचं तर विचारूच नका. व्रेबलने 14 सामने जिंकले आणि संघाला सुपर बोलपर्यंत नेलं. तिथे सिॲटलने त्यांना हरवलं.

रेडर्सनी पियर्सच्या जागी 73 वर्षांच्या पीट कॅरोलला आणलं, 3 विजय मिळवले आणि जानेवारी 2026 मध्ये त्यालाही काढलं. ऑक्टोबर 2023 मध्ये जॉश मॅकडॅनियल्स, जानेवारी 2025 मध्ये पियर्स, मग कॅरोल. त्या सोमवारी मुलाची यादी नेहमीसारखी आली. रेडर्सपुढे लिहिलं होतं: ड्राफ्टमध्ये पहिला नंबर, कॅपमध्ये भरपूर पैसे.

मी त्याला विचारलं, "आधीचे तिघं काय म्हणतात?"

"अगं आई, त्यांना कोण विचारतंय? आणि मॅकडॅनियल्स तर पेट्रियट्सकडे आहे, प्लेऑफची तयारी करतोय."

"मग त्यालाच विचारा की. त्याचा तिथला अनुभव ताजा असेल."

त्याने हसणारा चेहरा पाठवला आणि खाली दुसऱ्या यादीची लिंक.